पांडा, कोरियाचा चिवू आणि आपली चांदी: बाहेरून आणावी का?

गणपतीपेठकर (सांगली)

रामराम मंडळी. हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. नाद एकच, चांदीच्या नाण्यांचा. घरात आजोबांचे राणीछाप रुपये होते, तिथनं हे खूळ डोक्यात शिरलं. सध्या मन आशियातल्या टांकसाळींवर बसलंय. चीनचा पांडा, कोरियाचा चिवू, जपानची ती रंगीत नाणी.

भाचा सिंगापुरात नोकरीला आहे, दिवाळीला यायचाय. त्याला सांगितलं तर म्हणतो, मामा, इथं अमेरिकेचा ईगल, कॅनडाचं मेपल, ऑस्ट्रेलियाचा कांगारू मागाल तेवढे मिळतील. आशियाचं म्हणाल तर पांडा दिसतो, बाकीचं नशिबात असेल तर. आणि भारताचं? ते त्यानं कुठंच पाहिलं नाही म्हणे. एवढा चांदीवेडा आपला देश, मग असं का?

कट्ट्यावर ओळखीच्या सराफाला विचारलं. त्यानं मोबाइलवरचा फोटो पाहिला न पाहिला आणि म्हणाला, "आणा, काट्यावर टाकू, मोडीचा भाव देतो." आता कुणी जाणकारानं सांगावं. आणावं का, कसं आणावं, आणि खरं-खोटं कसं ओळखावं?

भट्टीवाला_विटा

अडतीवरच्या माणसानं वजनाचं विचारलं नाही याचं नवल वाटलं, म्हणून आधी तेच सांगतो. चांदीचा रोजचा पांडा १९८९ पासून एक औंसाचा, म्हणजे ३१.१ ग्रॅमचा होता. २०१६ पासून चीननं तो ३० ग्रॅमचा केला. व्यास तोच, ४० मिलिमीटर, त्यामुळं हातात घेऊन फरक कळत नाही. भाच्याला सांगा, नगाचा भाव विचारू नको, ग्रॅमचा विचार.

आता मिळत का नाही. ईगल, मेपल ही नाणी मागणी येईल तशी पाडतात, धातूच्या भावावर थोडं चढवून विकतात. पांड्याला वर्षाची कमाल संख्या ठरलेली असते आणि चित्र दरवर्षी नवं. २००१ साली टांकसाळीनं चित्र कायम ठेवायचं ठरवलं, २००२ ला तोच पांडा पुन्हा आला. जमवणाऱ्यांनी असा गिल्ला केला की २००३ पासून बदल परत सुरू. म्हणजे तिथं गिऱ्हाईक चांदीचं कमी, चित्राचं जास्त.

कोरियाचा चिवू २०१६ ला निघाला, कोम्स्को म्हणजे त्यांच्या नोटा छापणारी सरकारी कंपनीच तो पाडायची. पण ते नाणं नव्हे, पदक आहे. त्यावर वॉन नाही, '१ क्ले' लिहिलंय, आणि क्ले नावाचं चलन जगात कुठं चालत नाही. संख्या थोडी, आला की उचलला जायचा, मग मागच्या वर्षांचे तुकडे चढ्या भावानं फिरत राहतात.

भारताचं कोडं सोपं आहे. मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडा या सरकारी टांकसाळींत गुंतवणुकीसाठी दरवर्षी निघणारं औंसाचं चांदीचं नाणं नाही. अशोकचक्राचं नाणं २०१५ ला काढलं ते सोन्याचं. स्मारक नाणी निघतात, पण २०२३ चं नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं घ्या: चांदी ५० टक्के, तांबं ४०, उरलेलं निकेल नि जस्त. सरकारी छाप म्हणजे शुद्ध चांदी, हा समज काढून टाका. शुद्ध हवी तर हरियाणात नूहला एमएमटीसी-पॅम्प कंपनीची ९९९.९ टंचाची नाणी आहेत, पण तौल ग्रॅमात आणि गिऱ्हाईक मुख्यतः इथलंच. राजस्थानात जस्ताबरोबर निघते ती सोडली तर आपण चांदी बाहेरूनच आणतो. आणणारा देश सिंगापूरच्या काउंटरवर कशाला दिसेल?

तुमच्या सराफाचं मात्र बरोबर आहे. आम्ही खानापूर-आटपाडीची पोरं दुष्काळानं देशभर पांगलो, माझी गलाईची, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायची, पेढी मदुराईला होती. एक बाई पांडा घेऊन आल्या, लेकानं परदेशातून पाठवलेला, वितळवून द्या म्हणाल्या. मूस भट्टीत लाल झालेली. शुद्ध चांदी पातळ झाली की हवा पिते आणि थिजताना ती ओकते, पृष्ठभाग फुटून बारीक शिंतोडे उडतात. तांबं मिसळलेली असं करत नाही. तो तमाशा मी आयुष्यभर बघितलाय, पण त्या दिवशी नाणं चिमट्यात धरलं आणि मुशीत सोडवेना. बांबू खाणाऱ्या अस्वलाच्या अंगावरचा केस न् केस दिसत होता. बाईंना वजनाचे पैसे दिले, नाणं ठेवून घेतलं. वरचे जे पैसे लेकानं मोजले होते ते त्यांना मी दिले नाहीत, दुसरं कुणी दिलेही नसते. बचत म्हणून आणायची असेल तर पाट, म्हणजे चांदीची वीट घ्या, इथंच घ्या.

कऱ्हाडची_म्युनिकात

भट्टीवाले काका, भारी लिहिलंय! इकडचं थोडं सांगते. युरोपात गुंतवणुकीच्या सोन्यावर व्हॅट नाही, चांदीवर आहे. जर्मनीत साधा दर १९ टक्के. सिंगापुरात ऑक्टोबर २०१२ पासून गुंतवणुकीच्या शुद्ध चांदीला जीएसटी माफ आहे, म्हणून भाच्याकडूनच घ्या.

आणि देशाच्या नावावर भुलू नका. आर्मेनियाचं 'नोआची नौका' हे ५०० द्रामचं नाणं इथं सगळीकडे मिळतं, पण ते पाडलं जातं जर्मनीत. टांकसाळ आशियातलीच हवी असेल तर हे विचारून घ्यावं लागतं. जपानची रंगीत नाणी २००८ ते २०१६ मध्ये त्यांच्या ४७ प्रांतांसाठी निघाली, १००० येन, ३१.१ ग्रॅम. सुंदर आहेत, पण ती शौकिनांसाठीच काढलेली. चांदीच्या भावाशी त्यांचा संबंध नावापुरता.

गणपतीपेठकर (सांगली)

दोघांचेही आभार. पाट नको हो काका, पाट कपाटात बघत बसायचा कुणी! पांडाच आणतो. पण भाच्यानं आत्ता फोटो पाठवलाय, २०१५ चा. त्याच्यावर वजन नाही, टंच नाही, नुसतं १० युआन. खोटा का? आणि विमानतळावर काय?

भट्टीवाला_विटा

२०१५ च्या पांड्यावर वजन आणि शुद्धता छापलेलीच नाही, त्या वर्षी टांकसाळीनंच गाळली. तेवढ्यावरून खोटा म्हणू नका. उलट २०१५ चा असून त्यावर ९९९ लिहिलेलं असेल तर हात लावू नका. पांड्याची नक्कल बाजारात भरपूर आहे.

परीक्षा घरी होते. दोन आकडे दशांशाचा छोटा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. चांदीची घनता १०.४९. तीस ग्रॅमच्या नाण्याला काटा २.८६ च्या आसपास दाखवेल, औंसाच्याला २.९६. वरून मुलामा आणि आत तांबं असलं तर तीस ग्रॅमला ३.३ च्या पुढं जातो. कसोटीवर घासू नका, नाण्याची किंमत तिथंच उतरते.

नाणं म्हणजे दागिना नव्हे, त्यामुळं दागिन्यांची सूट त्याला लागत नाही. रेड चॅनलमधून जायचं, पावती दाखवायची, ड्युटी भरायची. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात चांदीवरची ड्युटी १५ वरून ६ टक्क्यांवर आणली होती. पण प्रवाशाला सवलतीचा दर मिळतो तो किमान सहा महिने बाहेर राहून परतला तर. चार दिवस फिरून येणाऱ्याला जबर बसते. भाचा नोकरीवर आहे तर अडचण नाही. निघण्याआधी त्या दिवसाचा दर मात्र बघून घेऊ दे, हे दर बदलत असतात.

आणल्यावर मूळ डबीतून काढू नका. साध्या मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं की हिरवट चिकट थर धरतो. आणि घरच्यांना आत्ताच बजावून ठेवा, दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर कुणी रांगोळी लावून घासायला घेईल.