अनुभव धागा: जहाज बंदरात शिरतंय, इंजिन तुमच्या हाती आहे

26 मार्च 2024 ला बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या 'डाली' जहाजाची वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं. पुलावर काम करणारे 6 कामगार गेले. जहाजावरची माणसं बहुतेक भारतीय. तेव्हा घरच्या ग्रुपवर मला एकच प्रश्न, "ब्रेक का नाही मारला?" पुढे तपासात मूळ निघालं एका सैल वायरमध्ये: तिच्यावरच्या लेबलच्या पट्टीमुळे ती टर्मिनलमध्ये पुरती बसलीच नव्हती.

म्हणून हा धागा. स्टँडबायला, म्हणजे जहाज बंदरात येता-जाताना, इंजिन रूममध्ये उभे राहिलेल्यांनी लिहा. जहाजाचं, कंपनीचं नाव नको. वादळांच्या गोष्टी नकोत, त्यांचा वेगळा धागा काढू.

निवृत्त चीफ इंजिनियर, ठाणे

ब्रेकचं उत्तर मी देतो. मोठ्या जहाजाचं टू-स्ट्रोक इंजिन थेट पंख्याला (प्रॉपेलरला) जोडलेलं असतं; मध्ये ना क्लच, ना गिअर. मागे जायचं तर इंजिन थांबवून उलटं सुरू करायचं, आणि दर वेळी सुरू करायला दाबाखालची हवा लागते. एअर बॉटल 30 बारला भरलेल्या. नियम असा, की कॉम्प्रेसर न लावता आलटूनपालटून पुढे-मागे 12 वेळा इंजिन सुरू झालं पाहिजे. बारा पुष्कळ वाटतात. पण गोदीच्या लॉकमध्ये (दरवाजे असलेल्या अरुंद वाटेत) शिरताना पायलटचं, म्हणजे बंदरातली वाट दाखवायला चढणाऱ्या माणसाचं, डेड स्लो अहेड (अगदी सावकाश पुढे), स्टॉप, डेड स्लो अस्टर्न (अगदी सावकाश मागे), स्टॉप सुरू झालं, की कॉम्प्रेसर चालू असूनही काटा डोळ्यांदेखत उतरतो.

मी ब्रिजला, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीला, आकडा सांगायचो. "हवा कमी आहे" असं नाही, "18 बार, दोन्ही कॉम्प्रेसर चालू." एकदा ते ऐकून पायलटने पुढचा अस्टर्न मागितलाच नाही, टगला (जहाज ओढणाऱ्या छोट्या बोटीला) ओढायला सांगितलं. कप्तान चिडला, परक्या माणसासमोर इंजिनाचं रडगाणं कशाला म्हणून. चिडू दे.

चारसाब (फोर्थ इंजिनियर), अलिबाग

मुंबई बंदर, ऐन पावसाळा, गाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या. उथळ पाण्यात आलो की खालचं सी-चेस्ट (इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यायची जागा) बंद, वरचं चालू, म्हणजे तळाचा चिखल कमी येतो. पिशव्या येतातच. दुसरा स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) आधीच साफ करून ठेवायचा आणि पंपाचा दाब थरथरला की बदलायचा. तापमान चढायची वाट बघू नये. काढलेल्या स्ट्रेनरच्या वासाबद्दल लिहीत नाही.

सेकंड इंजिनियर, पुणे

उत्तर युरोपात 0.10 टक्के सल्फरचं तेल लागतं, म्हणून आम्ही गरम जड तेलावरून डिझेलवर येतो. मिनिटाला 2 अंशांहून जलद तापमान बदललं तर फ्युएल पंप अडकू शकतो. शिवाय झिजलेल्या पंपातून पातळ डिझेल गळतं. मग जड तेलावर झकास चालणारं इंजिन डिझेलवर उठतच नाही. आमचं अस्टर्न ट्रायलला उठलं नाही. पायलट चढायच्या आधी, खुल्या पाण्यात, हे नशीब. नांगर टाकला, पंप बदलले, ऑफिसचे फोन घेतले. ही ट्रायल फक्त लॉगबुकात करणारेही पाहिलेत. ते इथे लिहितील असं वाटत नाही.

तांडेल, मिरकरवाडा

आमचं इंजिन लहान, त्याला गिअर आहे. पण पुढचा काढून लगेच मागचा टाकलात तर गिअरबॉक्स गेला समजा. न्यूट्रलला थांबायचं, रेस खाली येऊ द्यायची. धक्क्याजवळ पंख्यात दोर येतो तो बहुतेक आपलाच, डेकवरनं निसटलेला. तुमच्या मोठ्या जहाजांत होतं का असं?

ठाण्याचे चीफ पुन्हा

होतं की. म्हणून सुटताना मागचे दोर पाण्याबाहेर आले, "प्रॉपेलर क्लिअर" असं मागून कळलं, की मगच ब्रिज इंजिन मागतो.

ईटीओ (जहाजावरची इलेक्ट्रिकल ऑफिसर), नाशिक (बाई आहे, 'दादा' म्हणू नका)

डालीवर दुसऱ्यांदा अंधार झाला, कारण जनरेटरना इंधन देणारा पंप वीज आल्यावर आपोआप सुरू होणाऱ्यातला नव्हता. त्यामुळे स्टँडबायआधी मी चालू पंप बंद करून राखीव पंप खरंच उचलतो का ते बघते. पॅनेलवरचा हिरवा दिवा पुरेसा नाही. दोन जनरेटर समांतर हवेतच, आणि बो थ्रस्टर (जहाजाचं तोंड बाजूला ढकलणारा, भरपूर वीज खाणारा पंखा) हवा असेल तर ब्रिजने आधी विचारायचं. न विचारता बटण दाबणाऱ्या एका चीफ ऑफिसरशी माझं अजून जमत नाही.

थर्ड इंजिनियर, सध्या सिंगापूर

ठाण्याच्या काकांच्या हवेला जोडून: मॅन्युव्हरिंग (जहाज पुढेमागे घेणं) चालू असताना प्रत्येक युनिटच्या (सिलिंडरच्या) स्टार्टिंग एअर पाइपला हात लावत राहा. एखादा गरम लागला तर त्याचा व्हॉल्व्ह गळतोय, सिलिंडरातला जळता वायू पाइपात येतोय. आत कॉम्प्रेसरचं तेल साचलेलं असेल तर स्फोट होतो. बॉटलमधलं पाणी आणि तेल आधीच ड्रेन करायचं ते यासाठी.

आणि दोर बांधले म्हणून टर्निंग गिअर (बंद इंजिन हळू फिरवणारी मोटर) लावायची घाई नको. जहाज बर्थवर चार हात पुढेमागे घ्यायला पायलट शेवटच्या क्षणी इंजिन मागतो. टेलिग्राफवर (ब्रिजचे हुकूम येतात त्या यंत्रावर) 'फिनिश्ड विथ इंजिन्स', म्हणजे इंजिनाचं काम संपलं, असं आल्याशिवाय आमचा सेकंड कोणाला चहालाही सोडत नाही.