जुनी ऑटोमॅटिक: सकाळी डी लागायला उशीर, साठच्या आसपास थरथर. गिअरबॉक्स उतरवावाच लागेल का?

डबेवाली_सुदामानगर

नमस्कार. मी इंदूरला सुदामा नगरात राहते, घरून जेवणाचे डबे देते. सध्या ३८ डबे आहेत, त्यातले निम्मे सुपर कॉरिडॉरच्या ऑफिसांत जातात. माझा डावा गुडघा झिजलाय. डॉक्टरांनी क्लच दाबणं बंद करायला सांगितलं, म्हणून आठ महिन्यांपूर्वी जुनी ऑटोमॅटिक घेतली. २०१० ची पेट्रोल सेडान, चार गिअर, ९६ हजार किलोमीटर झालेली, १ लाख ८५ हजारांना. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, गाडीने इतकी वर्षं इमानाने काम केलंय. मागच्या मालकाकडे इंजिन ऑइलच्या सगळ्या पावत्या आहेत, गिअरबॉक्सच्या ऑइलची एकही नाही. घेताना माझ्या हे लक्षात आलं नाही.

गेला महिनाभर मी वहीत लिहून ठेवतेय. सकाळी पहिल्यांदा डी (पुढे जायचा गिअर) लावला की गाडी दोन-तीन सेकंद जागची हलत नाही, मग हिसका देऊन निघते. आर ला (मागे जायचा गिअर) त्याहून जास्त वेळ. एकदा गरम झाली की डी पटकन लागतो, पण लागताना धप्प आवाज येतो. आणि सुपर कॉरिडॉरवर ५५ ते ६५ च्या मध्ये, पाय अगदी हलका ठेवून एकसारखी चालवत असले, की गाडी थरथरते. रस्त्यावर बारीक बारीक पट्टे असावेत आणि आपण त्यावरून चाललोय, असं. चार-पाच सेकंद, मग आपोआप थांबतं. पाय जोरात दिला तर थरथर नाही. मागे ठेवलेल्या वरणाच्या डब्यांची झाकणं वाजायला लागतात, त्यामुळे मला बरोबर कळतं कधी सुरू झालं ते.

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मॅडम, गिअरबॉक्स गया समझो." उतरवून ओव्हरहॉल, ९० हजार, पंधरा दिवस. बॉनेटसुद्धा उघडलं नाही. दुसऱ्याने सांगितलं, एक बाटली औषध टाकू, ठीक होईल. दोघांवरही विश्वास बसत नाहीये. ९० हजार माझ्याकडे नाहीत, आणि पंधरा दिवस डबे बंद ठेवले तर गिऱ्हाईक परत येत नाही. पैसे घालण्याआधी मी स्वतः काय तपासू शकते, ते कृपया सांगा.

पीथमपूर_निवृत्त

ताई, तुम्ही वही ठेवलीत हे निम्मं निदान झालं. मी पीथमपुरात वाहनांच्या कारखान्यात २६ वर्षं काढली, त्यातली बरीच गिअरबॉक्सच्या बाजूला. लांबून पक्कं सांगणं बरं नाही, पण तुमच्या वर्णनात मला एक नाही, तीन वेगवेगळ्या तक्रारी दिसतात. तिन्हींचं कारण एकच असेल असं धरून चालू नका.

आधी थरथर. तुमच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे तेलाच्या प्रवाहातून जाते. त्यात थोडी घसरण असतेच. वेग एकसारखा झाला की ती घसरण वाचवायला कन्व्हर्टरच्या आत एक क्लच लागतो आणि दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट धरतात. त्याला लॉकअप म्हणतात. ऑइल जुनं झालं की त्यातली रसायनं संपतात, हा क्लच अलगद धरण्याऐवजी धर-सोड, धर-सोड करतो. तीच तुमची पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर. मात्र प्लग किंवा कॉइल खराब असेल तर इंजिनही हुबेहूब असंच थरथरतं, आणि लोक गिअरबॉक्स उतरवून बसतात.

फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. मोकळा रस्ता बघा, मागे कोणी नसावं. थरथर सुरू झाली की उजवा पाय आहे तसाच ठेवायचा आणि डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, ब्रेकचा दिवा लागेल इतकाच. तुमचा गुडघा दुखत असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला चालवायला लावा. ब्रेकचा इशारा मिळाला की कॉम्प्युटर लॉकअप सोडतो. त्याच क्षणी थरथर थांबली आणि आरपीएमचा काटा थोडा वर गेला, तर दोष लॉकअपचा. थरथर चालूच राहिली तर आधी प्लग आणि कॉइल बघा.

मग ऑइल. तुमच्या गाडीला गिअरबॉक्सच्या ऑइलची डिपस्टिक, म्हणजे पातळी बघायची पट्टी, आहे का? १५-२० किलोमीटर चालवून, सपाट जागी, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तसं बघा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, काहींत बंद करून लगेच. ही चूक फार होते आणि मग पातळी खोटी दिसते. पुसायला सूत न सुटणारं कापड घ्या. ताजं ऑइल लाल असतं. तपकिरी झालं असेल तर जुनं. काळपट आणि करपल्याचा वास असेल तर गिअरबॉक्सच्या आतले क्लच जळतायत. गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी अजिबात चालवू नका. गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारी नळी बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या आतून जाते, ती फुटली की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये मिसळतं.

बाटलीतलं औषध सध्या नको. आणि कुणी ब्रेक दाबून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्यायची स्टॉल टेस्ट करतो म्हणाला तर नाही सांगा. ती पाच सेकंदांच्या वर करायचीच नसते, कन्व्हर्टरमधलं ऑइल झपाट्याने तापतं. तुमच्या गाडीला ती आज सोसणार नाही.

रामबाग_इंदूर

गरम झाल्यावर डी लावताना धप्प होतंय ना? इंजिनची माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांच्यावर बसतं ते रबरी आधार, बघा. आमच्या घरच्या गाडीला तेच होतं. बॉनेट उघडून एकाने बाजूला उभं राहायचं (समोर अजिबात नाही), दुसऱ्याने आत बसून ब्रेक गच्च दाबून एकदा डी, एकदा आर लावायचा. इंजिन उडी मारल्यासारखं हललं तर रबर फाटलंय. गिअरबॉक्सचा काही संबंध नाही.

मांडवी_वडोदरा

ताई, माझी चूक सांगते, तुमच्याकडून होऊ नये म्हणून. माझी गाडी सीव्हीटी होती. त्यात गिअर नसतातच, दोन पुली आणि त्यांच्यावर स्टीलचा पट्टा. गॅरेजवाल्याने विचारलं, "ऑटोमॅटिक आहे ना?" मी हो म्हटलं, त्याने साधं ऑटोमॅटिकचं ऑइल ओतलं. दोन महिन्यांत पट्टा घसरायला लागला आणि गिअरबॉक्स गेला. आता जुन्या गाड्यांच्या बाजारात ऑटोमॅटिक म्हणून तीन-चार निरनिराळ्या जाती विकल्या जातात. २०१४ मध्ये सेलेरिओ आल्यापासून एएमटी सगळीकडे झाली, तिच्यात तर साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच असतो, फक्त दाबायचं काम यंत्र करतं. म्हणून ऑइल घेताना गाडीच्या पुस्तकात जे नाव छापलंय तेच अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेला डबा घेऊ नका.

अजून एक. स्कॅन करून घ्या, पण स्वस्तातलं यंत्र फक्त इंजिनचे कोड वाचतं. पी०७०० आला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी सांगायचंय. काय सांगायचंय ते आत जाऊन वाचणारं यंत्र लागतं.

डबेवाली_सुदामानगर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवार, डबे नव्हते. माझ्या भाच्याला चालवायला बसवलं, मी शेजारी.

ब्रेकला स्पर्श केल्याबरोबर थरथर थांबली. पाच वेळा केलं, पाचही वेळा. काटाही वर गेला.

डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं. रंग चहाच्या चोथ्यासारखा, वास किंचित करपट, पण डाळ लागते तसा नाही. दुधाळपणा नाही. मग ऑइल गेलं कुठे म्हणून रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी पुढच्या बाजूला रुपयाएवढे दोन डाग. रेडिएटरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या टोकाशी ओल आहे. माउंटिंगही बघितली, रामबागवाले, तुमचं बरोबर निघालं. इंजिन चांगलं चार बोटं उचललं जातं.

स्कॅनमध्ये पी०७४१ आलाय. स्कॅन करणारा म्हणाला, कन्व्हर्टर बदला. काका, तुमचं काय मत?

पीथमपूर_निवृत्त

पी०७४१ म्हणजे लॉकअपचा क्लच लागायला हवा तेव्हा नीट लागत नाहीये, इतकंच. कॉम्प्युटरला घसरण दिसते, तिचं कारण दिसत नाही. क्लच झिजलेला असू शकतो, त्याचा सोलेनॉइड (ऑइलची वाट उघड-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) अडकलेला असू शकतो, किंवा ऑइल. ऑइल कमी आणि म्हातारं आहे हे तर आपल्याला ठाऊकच आहे, मग कन्व्हर्टरपासून सुरुवात का करायची? डाग स्टिअरिंगच्या ऑइलचे नाहीत ना, तेवढी खात्री करा. बऱ्याच गाड्यांत तेही लालच असतं.

आधी गळती थांबवा, नळी आणि क्लिप दोन्ही बदला. मग ऑइल. यंत्र लावून दाबाने फ्लश करू देऊ नका. इतकी वर्षं न हललेला गाळ सुटून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकायची भीती असते. नट खोलून जेवढं आपोआप येईल तेवढं काढा आणि तेवढंच नवीन भरा. यात एक अडचण आहे. कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली येत नाही, साधारण निम्मंच निघतं. म्हणून आठवड्याच्या अंतराने तीनदा करायचं. पहिल्यांदा निम्मं जुनं उरतं, मग पाव, मग आठवा हिस्सा.

नटाच्या टोकाला लोहचुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते नीट बघा. बोटाला लागेल असा मऊ करडा लेप चालतो, तो वापराचा आहे. चमकणारे कण, कपच्या निघाल्या तर मग खरंच आतलं काहीतरी तुटलंय, पुढचा खर्च थांबवून मला इथे लिहा. निघालेलं ऑइल मोजा. आणि "ऑइल आयुष्यभर बदलायचं नाही" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात, राजवाड्याच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर तापणारं ऑइल आयुष्यभर टिकत नसतं.

डबेवाली_सुदामानगर

आज पहिल्या प्रश्नाला पाच आठवडे झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

अन्नपूर्णा रोडजवळ एक म्हातारे मिस्त्री भेटले, त्यांनी मला उभं राहून सगळं बघू दिलं. ऑइल मी माझ्या ताकाच्या मापाच्या जुन्या बरणीत मोजलं (ती आता गॅरेजलाच दिली). पुस्तकाप्रमाणे ३.३ लिटर निघायला हवं होतं, निघालं २.६. म्हणजे ७०० मिली कमी घालून मी डबे पोचवत होते. चुंबकावर काजळासारखा करडा लेप होता, बोटाने चोळून चोळून बघितला, एकही कण टोचला नाही. त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मिस्त्रींनी पाणी विचारलं.

पहिल्या वेळेनंतर सकाळचा डी सेकंदभरात लागायला लागला. थरथर होतीच, फक्त झाकणं वाजायची थांबली. दुसऱ्या वेळेनंतर ती ६० च्या आसपासच उरली. तिसऱ्या वेळेला निघालेलं ऑइल काचेच्या पेल्यात धरलं तर कोकमाच्या सरबताच्या जवळपास. तेव्हापासून अकरा दिवस झाले, थरथर एकदाही नाही. कोड पुसला होता, तो परत आलेला नाही. धप्प आवाज मात्र ऑइलने तिळभर कमी झाला नव्हता, तो माउंटिंग बदलल्या दिवशी गेला.

खर्च: ऑइल ७,५००, माउंटिंग २,४००, नळी आणि क्लिप ६००, मजुरी १,८००, स्कॅन ५००. एकूण १२,८००. एकही दिवस डबे बंद राहिले नाहीत.

एक राहिलंय. सकाळी आर लागायला अजूनही दोन सेकंद लागतात. दुपारी नाही. पुढच्या महिन्यात आईला ओंकारेश्वरला न्यायचंय, वाटेत भेरूघाट आहे. न्यावी का?

पीथमपूर_निवृत्त

ताई, पेल्यातला रंग वाचून फार बरं वाटलं.

आरचा उशीर ऑइलने जाणार नाही असं मला वाटतं. आतली रबरी सीलं वयाने कडक झालेली असतात, गार असताना ती दाब नीट धरत नाहीत, गरम झाली की मऊ पडून धरतात. ती बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. आज त्याची गरज नाही. फक्त आर लावल्यावर गाडीने पकड घेतल्याचं जाणवेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नका, नाहीतर तो क्लच घासून जाईल. वहीत आठवड्यातून एकदा सेकंद लिहा. दोनाचे चार झाले, किंवा दुपारीही उशीर व्हायला लागला, तर मग विचार करू.

ओंकारेश्वरला जरूर न्या. निघायच्या आदल्या दिवशी पातळी बघा आणि पुठ्ठा पुन्हा एक रात्र पसरा. भेरूघाटात डी वर सोडून देऊ नका, चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा लिव्हर २ वर घ्या. चढताना गिअर वरखाली होत राहणार नाही, उतरताना ब्रेक तापणार नाहीत. ट्रकच्या मागे अडकलात तर चढावर नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची नाही, ब्रेक दाबायचा.

डबेवाली_सुदामानगर

लिव्हर २ वर घेतात हे मला माहीतच नव्हतं, आठ महिने तो आकडा नुसता बघत होते. उद्या सकाळी डबे पोचवून झाले की विमानतळाच्या रस्त्यावर सराव करते. पुठ्ठा आजच पसरलाय.