आईसोबत सामाईक घर: वरच्या माळ्याचा किराया कोणाचा किती?

प्रश्न: वरचा_माळा
घर त्रिमूर्ती नगरात. खरेदीखतावर आई आणि मी, दोघींची नावं. हिस्सा किती ते लिहिलेलं नाही, पैसे मात्र निम्मे-निम्मे भरले. आई खाली राहते, मी पुण्यात नोकरीला. वरच्या दोन खोल्या दोन मुलींना महिना 9,000 ने द्यायच्या आहेत, अनामत 27,000. आई म्हणते, किल्ली मी सांभाळणार, टाकी मी भरणार, तर किराया माझ्याच खात्यात. मला हरकत नाही. मग कर पण तिच्याच नावावर ना? पेन्शन थोडी आहे, म्हणजे तिला काही लागणारच नाही.

हिशेबवही
नाही ताई, इथेच बहुतेकांचं चुकते. पैसा कोणाच्या खात्यात पडला यावर कर ठरत नाही, घर कोणाचं यावर ठरतो. 2025-26 च्या उत्पन्नाला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 26 म्हणते, सहमालकांचे हिस्से ठरलेले असतील तर ज्याचा त्याचा हिस्सा ज्याच्या त्याच्या उत्पन्नात. आणि कलम 60 मुळे घर स्वतःकडे ठेवून नुसतं उत्पन्न आईला दिलं तरी ते तुमचंच धरतात.

2025-26 चा हिशेब मांडून पाहा. वर्षाचा किराया 1,08,000. पूर्ण घराचा मनपा टॅक्स 6,000 धरला तर वरच्या माळ्याचे 3,000 वजा, राहिले 1,05,000. त्यातून सरसकट 30%, म्हणजे 31,500 वजा. उरले 73,500. पैसे निम्मे भरले म्हणून हिस्सा निम्मा धरला, तर तुमचे 36,750. तुम्ही 20% च्या टप्प्यात असाल तर कर 7,350 आणि उपकर 294.

दोन ठिकाणी लोक फसतात. घरटॅक्स त्याच वर्षी भरलेला पाहिजे, नुसतं बिल आलेलं चालत नाही. आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला 40,000 गेले तरी वजावट 31,500 च. एक खिळा नाही ठोकला तरी तेवढीच. आयटीआर-2 या आयकर विवरणपत्रात सहमालकाचा पॅन आणि टक्केवारी मागतात, तिथे दोघींनीही 50 टाका. एकीचं 50 आणि दुसरीचं 100 झालं तर उत्तरं देत बसावं लागेल.

कोर्टाची_पायरी
करारनाम्यात घरमालक म्हणून दोघींची नावं आणि सह्या घ्या. आईंची एकटीची सही असली की पुढे खोली खाली करून घ्यायची वेळ आली तर पहिला मुद्दा तोच निघतो.

शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून भागत नाही. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. लिव्ह अँड लायसन्स करार असेल आणि नोंदणी असली तर मुदत संपल्यावर न हलणाऱ्याविरुद्ध कलम 24 कामी येते, ठरलेल्या किरायाच्या दुप्पट पैसेही मागता येतात.

खर्च फार नाही. 11 महिन्यांचे 99,000, अधिक अनामतीवर 10% दराने व्याज 2,475. एकूण 1,01,475 वर 0.25%, म्हणजे मुद्रांक अडीचशेच्या आसपास. मनपा हद्दीत नोंदणी शुल्क 1,000. भाडेकरूंची माहिती पोलिसांकडे नोंदवा.

मुलींपैकी कोणी नोकरी करत असेल आणि वर्षाला लाखाच्या वर किराया दाखवून घरभाडे भत्त्याची सूट घेत असेल, तर ती घरमालकाचा पॅन मागेल. दोघींचा द्या.

कूलर_आणि_टाकी
करापुरते 50-50 ठीक, पण घरातली वाटणी वेगळी करता येते, आणि करावीच. आधी घरटॅक्स, पाणी आणि दुरुस्तीचे महिना 900 बाजूला काढा. मग आईंच्या देखरेखीचे ठरलेले पैसे. उरलं ते निम्मं. अनामत कोणाचंच उत्पन्न नाही, ती वेगळ्या ठेवीत टाका. ती खर्च झाली की जूनमध्ये खोली सुटताना धावपळ होते.

खरी भांडणं लाइटबिलावरून. 200 वॅटचा कूलर रोज 12 तास चालला तर महिन्याला 72 युनिट, दोन खोल्यांचे 144. एकाच मीटरवर खालचं-वरचं मिळून 300 युनिट ओलांडले की वरचे युनिट महागड्या टप्प्यात जातात. महावितरणचा वेगळा मीटर घेतलेला बरा. तो होईपर्यंत सबमीटर लावा, एक तारखेला रीडिंगचा फोटो दोघांकडे, आणि दर काढताना पूर्ण बिल भागिले पूर्ण युनिट. सगळ्यात खालच्या टप्प्याचा दर लावला तर फरक आईंच्या खिशातून जातो. हे पैसे किरायात मिसळू नका, पावती वेगळी फाडा.

वरचा_माळा
म्हणजे माझ्या 36,750 वर मी कर भरायचा आणि पैसे आईला द्यायचे? तिला त्यावर परत कर?

हिशेबवही
नाही. मुलीने आईला दिलेली भेट करमुक्त आहे, रकमेला मर्यादा नाही. बँकेतून द्या, म्हणजे नोंद राहते. त्या पैशाची एफडी केली तर व्याज आईंचंच. बायको किंवा अज्ञान मुलासारखं ते फिरून देणाऱ्याच्या नावावर येत नाही.

कोर्टाची_पायरी
आणि कर वाचवायला तुमचा हिस्सा आईंच्या नावे करायचा विचार असेल तर थांबा. राहत्या घराचं आईकडून मुलीला बक्षीसपत्र 200 रुपयांच्या मुद्रांकावर होते, स्थानिक अधिभार वेगळा. मुलीकडून आईला ती सवलत नाही. वर्षाच्या साडेसात हजारांसाठी कुठे एवढा मुद्रांक भरता!