तेलाच्या बोटींवरची आपली माणसं: कोकणातल्या घरांतले अनुभव

रत्नागिरीत राजिवड्याला आमच्या जुन्या घराच्या पोटमाळ्यावर पत्र्याची एक नळी सापडली. आत आजोबांची 'नली', म्हणजे खलाशाचं कामाचं पुस्तक. पानोपानी शिक्के, आणि बोटींची नावं सगळी 'ब्रिटिश'ने सुरू होणारी. लहानपणी मला वाटे की आजोबा सरकारी बोटींवर होते. त्या बोटी तेल कंपनीच्या होत्या.

इराणात मस्जिद सुलेमानला १९०८ मध्ये तेल लागलं, पुढच्या वर्षी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी उभी राहिली. अबादानच्या रिफायनरीतला माल जगभर न्यायला तिने १९१५ मध्ये स्वतःचा ताफा काढला, ब्रिटिश टँकर कंपनी. १९५४ मध्ये मूळ कंपनीचं नाव ब्रिटिश पेट्रोलियम झालं, मग ताफ्याचंही नाव बदललं. बोटींच्या नावातलं 'ब्रिटिश' मात्र तसंच राहिलं. आजोबांच्या बोलण्यात 'अबादान असताना' आणि 'अबादान गेल्यावर' असे दोनच काळ असत. १९५१ मध्ये इराणने तेल ताब्यात घेतलं, तेव्हाची ही विभागणी. नंतरच्या गोष्टींमध्ये कुवेत आणि एडन यायचं.

कंपन्यांचा इतिहास लिहिला जातो, त्यात बोटींचं टनेज असतं. डेकवरचा सारंग (खलाशांचा मुकादम), टिंडेल (त्याचा मदतनीस), कसाब (सामान सांभाळणारा), सुखाणी (सुकाण धरणारा), इंजिनातला तेलवाला, गॅलीतला म्हणजे स्वयंपाकघरातला भंडारी यांच्याबद्दल फार तर एखादी ओळ. बाणकोटपासून वेंगुर्ल्यापर्यंत किती घरांत अशा नळ्या असतील! तुमच्या घरात कुणी तेलाच्या बोटीवर होतं का? कुठल्याही कंपनीची बोट चालेल. काय काम होतं, काय आठवतं, सविस्तर लिहा. घाई नाही.

गुहागर तालुक्यातून, निवृत्त पंपमन

मी १९७४ ते २००१ टँकरवर होतो, बहुतेक काळ शिपिंग कॉर्पोरेशनच्या बोटींवर. परमवीर चक्र विजेत्यांची नावं दिलेल्या ज्या बोटी ऐंशीच्या दशकात आल्या, त्यातल्या दोनांवर काम केलं. ब्रिजखाली ते नाव मोठ्या अक्षरांत वाचताना छाती भरून यायची.

पंपमनचं काम लोकांना माहीत नसतं म्हणून लिहितो. साध्या मालाच्या बोटीचा माल क्रेन काढते. टँकर आपला माल स्वतःच्या पंपांनी किनाऱ्यावर ढकलतो. हे पंप बोटीच्या तळाशी, पंपरूममध्ये. अरुंद शिड्यांनी पाच-सहा मजले खाली उतरायचं. कुठला वाल्व्ह आधी उघडायचा, कुठल्या टाकीतून किती काढायचं, याचा क्रम चीफ ऑफिसर कागदावर देतो. पुढच्या टाक्या आधी रिकाम्या केल्या आणि मागच्या भरलेल्या ठेवल्या, तर बोटीच्या कण्यावर ताण येतो. शेवटी टाकीच्या तळाशी उरलेलं तेल ओढायचं, त्याला स्ट्रिपिंग म्हणतात. त्यासाठी बोट मागच्या बाजूला मुद्दाम झुकवतात, म्हणजे तेल सक्शनकडे वाहत येतं. त्या वेळी पंप हवा ओढायला लागला की आवाज बदलतो. तो आवाज मला झोपेतही कळायचा. अजून कळतो. गावच्या विहिरीवरचा पंप हवा ओढायला लागला की मी अंथरुणातून उठतो.

भरलेला टँकर धोक्याचा असं लोकांना वाटतं, पण खरा धोका रिकाम्या टाकीत असतो. तेल जातं, पण त्याची वाफ उरते. डिसेंबर १९६९ मध्ये तीन आठवड्यांच्या आत तीन अजस्र टँकरांवर टाकी धुताना स्फोट झाले: मार्पेसा, माक्त्रा आणि नॉर्वेची काँग हाकोन सातवा. मार्पेसा बुडाली. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यामुळे टाकीतल्या धुक्यात स्थिर वीज तयार होते, हे त्यानंतर उमगलं. मग इनर्ट गॅस आला. बॉयलरचा धूर धुऊन, थंड करून टाकीत सोडतात. टाकीतला ऑक्सिजन आठ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. साध्या हवेत तो एकवीस टक्के असतो. आठच्या खाली ठिणगी पडली तरी आग धरत नाही. त्या मीटरकडे आम्ही देवाकडे बघावं तसे बघायचो.

हर्णे, एका सारंगाच्या पत्नी (मुलीने लिहून घेतलं)

माझं लग्न १९६८ चं. सुएझ कालवा तेव्हा बंद होता, १९७५ पर्यंत बंदच राहिला. हे सांगून गेले होते, आता आम्हाला अख्ख्या आफ्रिकेला वळसा पडतो. मला नकाशा कळत नव्हता. पत्र उशिरा येतं एवढं कळायचं.

दर महिन्याला अलॉटमेंट यायची, पगारातला घरी पाठवायचा वाटा. त्यावर सासू, दोन नणंदा, दीर, सगळं चाललं. एकदा तीन महिने आली नाही. कंपनीच्या मुंबईच्या हापिसात दिराला पाठवलं, तर कागद दुसऱ्याच माणसाच्या नावावर गेला होता. त्या तीन महिन्यांत पाटल्या गेल्या.

मोठा मुलगा झाला तेव्हा तार पाठवली, ती बोट सुटल्यावर पोचली. मुलगा सात महिन्यांचा असताना त्यांनी त्याला पहिल्यांदा उचललं, तर तो रडायला लागला. हे ओटीवर जाऊन बसले. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मी पाहिलं ते कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते.

उरण

आमच्या घरी खलाशी कुणी नाही, पण तेल दारात आलं. बॉम्बे हायला १९७४ मध्ये तेल लागलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. सुरुवातीचं तेल टँकरनेच आणत, नंतर समुद्राखालून उरणला पाइप आला. आमच्या किनाऱ्यावरून मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपाला लागलेले टँकर रोज दिसतात. बोट भरलेली आहे की रिकामी, हे आमच्याकडे पोरंही सांगतात. रिकामी असली की पाण्याच्या वर लाल पट्टा दिसतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये वीज पडून तिथल्या टाकीला आग लागली. त्या रात्री आम्ही गच्चीवरून हललो नाही.

देवगड, माजी सुखाणी

मी परदेशी मालकाच्या बोटीवर इराणच्या खर्ग बेटावरून तेल खाली सिरी बेटापर्यंत नेण्याच्या फेऱ्या केल्या. इराण-इराक युद्धाचे दिवस, १९८४ नंतर टँकरांवर हल्ले वाढले होते. इराकी विमानं रात्री यायची. आम्ही दिवे मालवून चालायचो, पोर्टहोलना काळा कागद. सुकाण माझ्या हातात, समोर काही दिसत नाही, रडारवरचा ऑफिसर हळू आवाजात कोर्स सांगतोय. भत्ता दुप्पट होता. बहिणीचं लग्न ठरलं होतं, म्हणून सही केली.

आमच्या पुढची बोट एका पहाटे पेटली. आम्ही माणसं उचलली. त्यात मालवणकडचा एक तेलवाला होता, दोन्ही हात भाजलेले. भानावर आल्यावर माझी बोली ऐकून पहिलं विचारलं, "खंयचो रे तू?" देवगड म्हटल्यावर त्याने माझा शर्ट पकडला तो सकाळपर्यंत सोडला नाही. पंपमन दादांनी वर लिहिलंय ते अगदी खरं. भरलेली बोट मार खाऊनही तरंगत राहायची. खर्गला जाताना आम्ही रिकामे असायचो, तेव्हा भीती जास्त वाटे.

घरी आलो की आई कपडे तीन पाण्यांतून काढायची आणि म्हणायची, "ह्यो वास जावचो नाय."

बाणकोट परिसर

हे लिहायला मला दोन दिवस लागले. नावं लिहीत नाही, बोटीचं नाही, कंपनीचं नाही.

आम्ही टाकी साफ करत होतो. कागदावर टाकी गॅस फ्री, म्हणजे वायू उरला नसलेली होती. तळाशी गाळाचा थर होता, तो ढवळला की त्यातली वाफ मोकळी होते. पहिला माणूस खाली उतरला, माझ्याच वाडीतला. दहा मिनिटांनी हाक मारली तर उत्तर नाही. वाकून पाहिलं तर तो शिडीच्या पायथ्याशी बसल्यासारखा पडलेला. त्याचा चुलतभाऊ माझ्या बाजूला उभा होता. कुणी काही बोलायच्या आत तो उतरला. अर्ध्या शिडीवर त्याचे हात सुटले. तिसरा मी. माझा एक पाय हॅचच्या, म्हणजे टाकीच्या तोंडाच्या आत होता, तेव्हा चीफ मेटने मागून कॉलर धरून मला डेकवर आपटलं. त्याला मी शिव्या दिल्या, त्याच्या हाताला चावलो. श्वासाची यंत्रं लावून माणसं खाली उतरेपर्यंत उशीर झाला होता.

कच्च्या तेलातला एक वायू कुजलेल्या अंड्यासारखा वास देतो. तो वाढला की नाकच मरतं, वास यायचा बंद होतो. माणसाला वाटतं, वायू गेला.

दोन्ही घरांना मीच सांगायला गेलो. भरपाई मिळायला चार वर्षं गेली. तोपर्यंत एका घरातली म्हातारी गेली. आज मुलं टँकरवर जाताना माझ्याकडे येतात, त्यांना मी एकच वाक्य पाठ करायला लावतो: आपला सख्खा भाऊ खाली पडला तरी यंत्र लावल्याशिवाय उतरायचं नाही, आधी अलार्म. हे वाक्य पाठ न करता गेलेला एकही मुलगा मला माहीत नको.

गुहागर, शाळेत शिक्षिका

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात. मुलांच्या पायांना चिकटतात, रॉकेलनेच निघतात. हे टँकरवाल्यांचंच काम ना? वरचं सगळं वाचून हात जोडावेसे वाटतात, तरीही प्रश्न विचारावासा वाटतो.

पंपमन, पुन्हा

बाई, प्रश्न योग्य आहे आणि उत्तर टाळणार नाही. पूर्वी टाक्या धुतलेलं तेलकट पाणी खोल समुद्रात सोडत. मीही ते वाल्व्ह उघडले आहेत. मग ते पाणी एका टाकीत ठेवायचं, तेल वर येऊ द्यायचं आणि पुढचा माल त्याच्यावरच भरायचा, ही पद्धत आली. बोटींमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखायचा मारपोल करार ऑक्टोबर १९८३ मध्ये लागू झाला, त्याच्या नियमांनुसार किती तेल कुठे सोडलं याची वहीत नोंद ठेवावी लागते. कच्च्या तेलाची टाकी कच्च्या तेलानेच धुवायलाही लागले. तरी चोरून सोडणारे आहेत, आणि गोळे सगळेच टँकरचे नसतात, बाकीच्या बोटींचं जळकं तेलही असतं. नैऋत्येचा वारा सुटला की सगळं आपल्याच दारात. मुलांना रॉकेलऐवजी खोबरेल लावून बघा, त्वचेला बरं.

मिऱ्या

तेलाची बोट किनाऱ्याला आली की काय होतं, ते आम्ही बघितलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात बसरा स्टार हा टँकर आमच्या बंधाऱ्याला येऊन लागला. माणसं वाचली. बोट मात्र वर्षानुवर्षं तिथेच गंजत होती. प्रत्येक उधाणाला बंधाऱ्यावर तिचा दणका ऐकू यायचा.

दापोली, सध्या थर्ड ऑफिसर

मी आत्ता आहे ती बोट तीनशे तीस मीटर लांब आहे, वीस लाख पिंपं तेल घेते. दुहेरी तळ, दुहेरी बाजू. १९८९ च्या एक्सॉन व्हाल्डेझ या टँकरच्या अपघातानंतर कायदे बदलले, तेव्हापासूनची ही रचना. डेकवर फिरायला सायकल आहे. पण बंदर बघायला मिळत नाही. खोल समुद्रात बोयाला बांधतात, दीड-दोन दिवसांत माल खाली, पुन्हा निघायचं. २०२० मध्ये नऊ महिन्यांचा करार होता, बदली माणसं येऊ शकली नाहीत म्हणून चौदा महिने राहिलो. आजी गेली, व्हिडिओवर पाहिलं.

नव्या मुलांना एक सांगतो. नोकरी लावतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका, परवानाधारक एजंटला असे पैसे घ्यायचा अधिकारच नाही. माझ्या गावातल्या दोघांनी जमीन गहाण ठेवून दिले, बोट काही मिळाली नाही.

राजिवडा, मूळ लेखक

सगळं दोनदा वाचलं, मग मुंबईला गेलो. आजोबांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात तेलाच्या बोटीवरून परतले नाहीत. घरात त्यांचा फोटोही नाही. मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये महायुद्धांत समुद्रावर गेलेल्या भारतीय खलाशांचं स्मारक आहे. नाव सापडलं. इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे, पण बापाचं नाव जुळतं. मी बोट ठेवून उभा राहिलो आणि घरी फोन लावून अब्बांना ती अक्षरं एकेक करून वाचून दाखवली. ते म्हणाले, पुन्हा वाच.

ज्यांच्याकडे नली आहे, त्यांनी पानांचे फोटो काढून ठेवा. शाई उडत चालली आहे. बाणकोटच्या दादांनी परवानगी दिली, तर त्यांचं ते वाक्य मी आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांना कागदावर लिहून देईन. या महिन्यात त्यातले तिघे बोटीवर निघाले आहेत.