नवी पिकअप: गादी ड्रायव्हरला दिली, तर मालकाचं काय गेलं?

डिचोलीचा चालक-मालक:
परवा म्हापशाच्या एका गाडीमालकाने लिहिलेलं वाचलं आणि गप्प बसवेना. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कंपनीने पिकअपचं नाक बदललं, दिवे बदलले, आत मोटारीसारखा डॅशबोर्ड आणि जाड गादी घातली, आणि हा सगळा थाट मालकाच्या बोडक्यावर बसला. वर हे वाक्य: "ड्रायव्हरला आराम दिला की त्याला झोप येते. जुनी गाडी लोखंड होती, नवी नुसती नटवी आहे."

मी जुनीही चालवली आणि नवीही चालवतो. मालक मीच, ड्रायव्हर मीच, म्हणून दोन्ही बाजूंनी बोलायचा मला हक्क आहे.

जुन्या गाडीत गिअरच्या डब्याची धग पत्र्यातून थेट डाव्या पोटरीला लागायची. मे महिन्यात साखळीहून मडगावला माल टाकून परत येईपर्यंत पोटरी लालबुंद. मी तिथे गोणपाट दुमडून ठेवायचो, ते क्लचखाली सरकायचं, आणि चालत्या गाडीत वाकून ते ओढायचं. नव्या गाडीत त्या जागी जाड अस्तर आहे. धग येत नाही. गादी मागेपुढे सरकते. भरल्या गाडीचं स्टेअरिंग बाजारात वळवताना खांदा भरून येत नाही. पावसात दिवा लांबवर पोचतो. याला नटवेपणा म्हणायचं असेल तर तो मला हवा आहे.

आता नावडतं. हौदा लांब केला, दहा फूट झाला, माल जास्त बसतो, कबूल. पण चाकांच्या मागे लोंबणारा भागही वाढला. ओहोटीच्या वेळी दिवाडीच्या फेरीबोटीवर गाडी चढवून बघा. पुढची चाकं बोटीत गेली की मागचं टोक धक्क्यावर खरडतं. माझ्या फाळक्याचं, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराचं, खालचं बिजागर त्यातच वाकलं. आणि पुढचा बंपर प्लास्टिकचा. जुना वाकला तर हातोड्याने सरळ व्हायचा, हा चिरला की पूर्ण बदलायचा. ज्याने हे ठरवलं त्याने गोव्यातल्या धक्क्यावर एक पावसाळा काढायला हवा होता.

म्हापसा मार्केट:
ते लिहिणारा मीच. माझ्या तीन गाड्या आहेत आणि तिन्हींचे हप्ते मी भरतो, ड्रायव्हर भरत नाही. तुम्ही स्वतःची गाडी स्वतः चालवता, म्हणून जपता. पगारी माणसाच्या हातात गाडी दिली की काय होतं ते तुम्हाला ठाऊक नाही. जुन्या गाडीला कोणीही कशीही चालवली तरी सहन करायची. नवीला दर दोन दिवसांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा. मग ड्रायव्हरचा फोन: "शेठ, दिवा पेटला." गाडी उभी, भाडं गेलं. हा दिवा बंद करायला गावातला मेकॅनिक चालत नाही, स्कॅनर लागतो. नवी गाडी मालकाला शोरूमशी बांधून टाकते, हे माझं खरं दुखणं आहे. गादीचं मी उदाहरण दिलं, तुम्ही तेवढंच धरून बसलात.

आणि आता साध्या लायसन्सवर कोणीही पिकअप चालवतो. काल स्कूटर चालवणारा आज माझ्या गाडीत.

फोंड्याचं गॅरेज:
दोन गोष्टी एकात मिसळू नका. नाक बदललं, गादी बदलली, हे कंपनीने ठरवलं. पिवळा दिवा, धुरातली काजळी अडवणारी जाळी, धुरातला विषारी वायू कमी करणाऱ्या युरियाच्या पाण्याची टाकी हे 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या प्रदूषणाच्या नियमामुळे आलं. जुनं नाक ठेवलं असतं तरी ते येणारच होतं.

तुमचा दिवा बहुतेक जाळीचा असणार. त्यात काजळी साचते आणि ती जाळायला एक्झॉस्टचं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांवर जावं लागतं. म्हापसा ते पर्वरी, पर्वरी ते म्हापसा, मध्ये ट्रॅफिकमध्ये इंजिन चालू ठेवून उभं, अशा वापरात ते तापमान येतच नाही. दिवा पेटला की गाडी मोकळ्या रस्त्यावर काढा आणि एका लयीत चालवा, बंद-चालू करू नका. बऱ्याचदा दिवा आपोआप जातो. ड्रायव्हरला हे कोणी सांगितलंय का?

दुसरं, युरियाचं पाणी. त्यात साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असतं. माझ्याकडे आलेल्या एका गाडीच्या टाकीत नळाचं पाणी ओतलेलं होतं. पंपापासून नोझलपर्यंत सगळं बदलावं लागलं. ती बचत त्या मालकाला फार महाग पडली.

लायसन्सचंही स्पष्ट करतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलंय की साडेसात हजार किलोंच्या आतलं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं. पिकअप त्यात आरामात बसते. त्यामुळे लायसन्सच्या मुद्द्यावर अडणारे विम्याचे कितीतरी दावे बचावले, मालकांचेच.

शापोरा जेटी:
काजळी, युरिया, सगळं समजलं. गंजाचं कोण बोलणार? माझी गाडी मासळीची. क्रेटमधलं बर्फाचं पाणी मीठ घेऊनच खाली उतरतं. जुन्या हौद्याचा पत्रा जाड होता, गंजायला वर्षं लागायची. नव्याला दुसऱ्याच पावसाळ्यात फाळक्याच्या कडेला रंगाचे फोड आले. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला आणि खाली तपकिरी भुगा. हौद्याच्या कोपऱ्यात पाणी जायला भोक ठेवलंय, ते बरं केलं. पण ते पाणी खाली पडतं कुठे, तर मागच्या दिव्याच्या वायरींच्या जोडावर. कोणत्या शहाण्याने ती जागा शोधली?

आणि रस्त्यावर मासळीचं पाणी सांडतं म्हणून लोक आम्हाला शिव्या देतात, पोलीस थांबवतात. पाणी साठवायला हौद्याखाली टाकी कंपनीनेच द्यायला हवी. किनाऱ्यावर गाड्या विकायच्या आणि किनाऱ्याचा विचार करायचा नाही, हे चालणार नाही.

पेडण्याचा चिरेवाला:
मला एकच सांगा, पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, का हलके केले? जुन्या गाडीत मी जांभ्या दगडाचे शंभर चिरे बिनधास्त भरायचो. नवीत ऐंशी भरले तरी मागून बसते.

फोंड्याचं गॅरेज:
एक चिरा तीस-पस्तीस किलोंचा. शंभर चिरे म्हणजे तीन टनांच्या वर. पावणेदोन टन माल न्यायच्या गाडीत तीन टन भरायचे आणि पाट्यांना नावं ठेवायची? जुन्या गाडीतही ते बेकायदाच होतं. जादा वजनाला वीस हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. आणि ब्रेक? उतारावर शंभर चिऱ्यांची गाडी तुमच्या ब्रेकने थांबते असं तुम्हाला खरंच वाटतं?

पेडण्याचा चिरेवाला:
साहेब, ऐंशी चिऱ्यांचं भाडं घेतलं तर डिझेल सुटत नाही. दंडाचा आकडा आम्हालाही पाठ आहे. भाव वाढवून द्या, मग कमी भरतो.

चोर्ला-वाळपई:
मी पगारी ड्रायव्हर. आतापर्यंत वाचत होतो. "ड्रायव्हरला आराम दिला की झोप येते" हे ज्याने लिहिलं त्याने माझ्याबरोबर एक रात्र यावं. मध्यरात्री बेळगावला भाजी भरतो, चोर्ला घाट उतरतो, उजाडायच्या आत मार्केटमध्ये. परत जाऊन जेवून पडलो की दुपारी शेठचा फोन, सिमेंट टाकायचंय. झोप येते ती जागरणाने. गादीने येत नाही. कडक गादीवर झोप येत नाही असं वाटत असेल तर सांगतो, कंबर दुखते आणि झोपही येते.

नवी गाडी मला आवडते. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ओढते, पहिल्यावर यावं लागत नाही. पण एसी कुठे आहे? शेठने बिनएसीचीच घेतली. धुक्यात, पावसात काच आतून धुरकट होते. एका हाताने काच पुसायची, एका हाताने वळण घ्यायचं. घाटात समोरून बस येते तेव्हा माझा जीव कुठे असतो ते मलाच माहीत.

म्हापसा मार्केट:
एसी पण हवा? उद्या टीव्ही मागशील. तुझ्यासारखा माझ्याकडे असता तर पहिल्याच दिवशी चावी काढून घेतली असती. एसीने डिझेल जास्त जातं. ते कोणाच्या खिशातून?

चोर्ला-वाळपई:
अरे-तुरे करू नका. मी तुमच्याकडे कामाला नाही. मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणतोय.

सांग्याचा जुना टिपरवाला:
तुम्ही गादी आणि एसीवर भांडता. 2012 ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा माझा टिपर, खनिज वाहायचा ट्रक, दारात उभा राहिला. पुन्हा सुरू झाल्या, 2018 ला परत बंद. टिपर भंगारच्या भावात विकला आणि ही पिकअप घेतली. आमच्या गावात निम्म्या पिकअप अशाच आल्यात. सरकारने आम्हाला रस्त्यावर आणलं, त्यावर कोणी का बोलत नाही? पिकअपची गादी मऊ की कडक, हा माणसाचा प्रश्न आहे का?

शापोरा जेटी:
बाबा, खाणीचं दुःख आम्हाला कळतं, पण इथे गाडीचं चाललंय.

सांग्याचा जुना टिपरवाला:
गाडीचंच सांगतो. टिपरमध्ये एसी नव्हता आणि बाहेर लाल धूळ. काच खाली केली तर धूळ नाकातोंडात, वर केली तर भट्टी. आम्ही काच खाली करूनच चालवली. आजही रात्री खोकला उठतो. म्हापशाच्या बाबांनी एसीला टीव्हीच्या रांगेत बसवलं, ते मला लागलं. डिझेल तुमच्या खिशातून गेलं, माझी छाती कोणाच्या खिशातून गेली?

डिचोलीचा चालक-मालक:
याच्यावर मला बोलायचंच होतं. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. पण तो एन-2 आणि एन-3 वर्गाला, म्हणजे साडेतीन टनांहून जास्त एकूण वजनाच्या गाड्यांना. आपली पिकअप साडेतीनच्या आत, एन-1 मध्ये, म्हणून तिला सक्ती नाही. मोठ्या ट्रकच्या ड्रायव्हरला उकडतं आणि पिकअपवाल्याला उकडत नाही, असं थोडंच आहे? गोव्यात माल पोचवायचा तर मोठा ट्रक वाडीत शिरत नाही, सगळं पिकअपवरच येतं. आणि कंपनीने एसी फक्त वरच्या मॉडेलात ठेवलाय, खालचं मॉडेल घेणाऱ्याला तो जास्तीचे पैसे देऊनही मिळत नाही. नव्या गाडीत मला सगळ्यात जास्त राग आहे तो याचा.

म्हापसा मार्केट:
नियम मला माहीत नव्हता असं नाही. पण सक्ती नाही म्हणजे नाही. मला मुलांची फी आहे, घराचा हप्ता आहे. तीन गाड्यांना एसी म्हणजे वरच्या मॉडेलचा फरक गुणिले तीन. तुम्ही मला खलनायक करून मोकळे झालात. माझा एक ड्रायव्हर गेल्या मे महिन्यात काम सोडून गोव्यातल्याच एका कुरिअरच्या गाडीवर गेला. पगार तिथे मी देतो त्यापेक्षा कमी. कारण विचारलं तर म्हणाला, शेठ, तिथे एसी आहे.

चोर्ला-वाळपई:
मग उत्तर त्यानेच दिलं ना?

म्हापसा मार्केट:
दिलं. मी ऐकलं नाही असं कुठे म्हणतोय. काच धुरकट होते ते मी कधी धरलं नव्हतं, कारण मी घाटात जात नाही. तेवढं मानतो. पण गादीने गाडी महाग झाली हे मी सोडणार नाही, आणि मघाशी अरे-तुरे केलं ते वयाने केलं, कमी लेखायला नाही. पुढची गाडी एसीवाली घेईन. डिझेलचा हिशोब मात्र रोज लिहून घेईन.

पेडण्याचा चिरेवाला:
पाट्यांचं कोणीच बोलत नाही.

डिचोलीचा चालक-मालक:
चिरेवाले बाब, पाटे आहेत तेवढ्याच वजनाला आहेत. जादा पाटा घालून चेसिसवर भार टाकू नका. तुमचा भाव वाढायला हवा, हे मात्र मी सगळ्यांसमोर म्हणतो. चिऱ्याचे दर ठरतात तेव्हा गाडीवाल्याला कोणी बोलावत नाही.

शापोरा जेटी:
माझ्या गंजावरही कोणी बोललं नाही. आणि अजून एक. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, 61 दिवस गाडी दारात. जुन्या गाडीला ऑगस्टमध्ये चावी मारली की सुरू. नवीची बॅटरी उतरलेली असते. का?

फोंड्याचं गॅरेज:
गाडी बंद असतानाही ती कुठे आहे ते कळवणारं यंत्र आणि कॉम्प्युटर थोडा थोडा करंट ओढत असतात. दोन महिन्यांत बॅटरी बसणारच. बंदीला लावताना निगेटिव्हची वायर काढून ठेवा. पण इंजिन बंद केल्या केल्या काढू नका, चार-पाच मिनिटं थांबा. युरियाचा पंप नळीतलं पाणी मागे टाकीत ओढतो, तो आवाज थांबू दे. नाहीतर नळीत युरिया वाळून खडे होतात.

गंजाचं: गाडी रोज गोड्या पाण्याने धुवा, आणि खालून धुवा. वरून सगळेच धुतात. मागच्या दिव्यांचे जोड उघडून बघा, तांब्यावर हिरवी भुकटी दिसली तर पुसून ग्रीस भरा आणि जोड भोकाच्या सरळ खाली न ठेवता चेसिसच्या आतल्या बाजूला बांधा. भोकाला एक रबरी नळी लावून पाणी चाकाच्या पुढे उतरवा. नवी गाडी घेणार असाल तर नंबर लागायच्या आधी खालून गंजरोधक मारून घ्या, एकदा मीठ बसल्यावर वरून मारलेलं टिकत नाही.

शापोरा जेटी:
नळी किती जाडीची?

फोंड्याचं गॅरेज:
एक इंची. बागेची पातळ घेऊ नका, मासळीच्या खवल्यांनी तुंबते.