गांजा सोडला तरी वाचलेलं डोक्यात राहत नाही, मदत हवी आहे

पेठेतला_वाटसरू
एमपीएससी मुख्य परीक्षा तोंडावर आलीय. पान वाचून उलटतो तर मागच्या पानावर काय होतं तेच आठवत नाही. किती दिवसांत डोकं ठिकाणावर येतं? मेडिकलमध्ये काही गोळ्या मिळतात का? कृपया लेक्चर नको.

चहाटळ
सोडून किती दिवस झाले? रोज ओढायचात की कधीमधी? वय?

पेठेतला_वाटसरू
११ दिवस. रोज. २५. आता सांगा.

गूळपोळी
ब्राह्मी! माझ्या पुतण्याला दहावीत दिली होती, ८८ टक्के पडले.

चहाटळ
पुतण्या गांजा ओढायचा का हो?

खरडवही
मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात नव्या आठवणी पक्क्या होतात. तिथे सीबी१ रिसेप्टर (पेशींवरच्या, ठराविक रसायन येऊन बसायच्या जागा) दाटीवाटीने असतात. त्यांच्यासाठी मेंदू स्वतःच अनंडमाइड नावाचं रसायन बनवतो (१९९२ मध्ये सापडलं, नाव आपल्या 'आनंद'वरून). ते क्षणभर काम करतं आणि लगेच मोडलं जातं. गांजातलं टीएचसी त्याच जागेवर ठाण मांडतं, म्हणून जुनं आठवतं पण नवं टिकत नाही. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत हे रिसेप्टर कमी होतात. सुमारे ४ आठवडे बंद ठेवलं की बरेचसे भरून येतात.

भोलेभक्त
दर महाशिवरात्रीला भांगेचा घोटा पितो, मला तर पाढेसुद्धा पाठ आहेत. भांग कायद्यात बसते. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातून पानं वगळलीयत.

खरडवही
पानं वगळली, टीएचसी नाही वगळलं. आणि महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागतो. वर्षातून एकदा आणि रोज, यात फरक आहे की नाही?

भोलेभक्त
बाटलीवाल्यांना कोणी काही बोलत नाही, आमच्या शंकरावर मात्र सगळे घसरतात.

निशाचर_नर्स
दादा, झोप कशी आहे? आणि नुसता ओढायचात की सिगारेटमध्ये भरून?

पेठेतला_वाटसरू
सिगारेटमध्येच भरतात ना सगळे. तीही त्याच दिवशी सोडली. झोप ३-४ तास, तीही भलत्यासलत्या स्वप्नांची. पण मी झोपेचं विचारलंच नाहीये.

निशाचर_नर्स
अहो, हे आधी सांगायचं! तंबाखूही एकदम बंद, म्हणजे निकोटीन सुटल्याचा चिडचिडेपणा आणि लक्ष न लागणं वेगळंच. गांजा सुटल्यावर झोप उडते, स्वप्नं वाढतात, पहिले दोनेक आठवडे जड जातात. वाचलेलं पक्कं होतं झोपेत, मग ३ तासांत काय होणार? रात्रीचं वाचन बंद करा, ठरल्या वेळी आडवे व्हा. दुपारनंतर चहा नको. मेडिकलमधून मनाने गोळी आणू नका. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, नाहीतर टेलि-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर फोन करा, फुकट आहे.

पेठेतला_वाटसरू
चहा पण? परीक्षेला १९ दिवस उरलेत.

खरडवही
११ आणि १९, महिना भरतो की. मध्ये एकही झुरका नको.

गूळपोळी
ब्राह्मी तुपातून.

सदाफुली
अवांतर: पेठेत अभ्यासिकेचे दर सध्या काय आहेत? मुलीला पाठवायचंय. जवळ चांगली मेस हवी.