आत्मा देवाजवळ जातो, मग शरीराचे पुनरुत्थान कशासाठी?

प्रश्न
अंत्यविधीच्या वेळी आपण ऐकतो की गेलेली व्यक्ती आता देवाजवळ विसावली आहे. तसे असेल, तर विश्वासांगिकारात (ख्रिस्ती लोक उपासनेत म्हणतात त्या श्रद्धेच्या घोषणेत) ‘शरीराचे पुनरुत्थान’, म्हणजे मेलेल्यांतून पुन्हा उठणे, वेगळे का म्हटले जाते? शिवाय, येशूची शिकवण शिष्यांच्या मनात जिवंत राहिली एवढाच पुनरुत्थानाचा अर्थ घेतला, तर विश्वासात नेमके काय उणे पडते? जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद 1
दुसरा प्रश्न आधी घेतो. आरंभीच्या ख्रिस्ती धर्माचा प्रचारक पौल याने इ.स. 55च्या सुमारास ग्रीसमधील करिंथच्या मंडळीला (तिथल्या ख्रिस्ती समुदायाला) लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 15वा अध्याय याच वादातून आला आहे. तिथल्या काहींचे म्हणणे होते की मृतांचे पुनरुत्थान होत नाही. त्यावर पौल सांगतो की मृत उठत नसतील तर ख्रिस्तही उठलेला नाही, आणि तो उठला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे, तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात. ख्रिस्ताला तो ‘प्रथमफळ’ म्हणतो: हंगामातील पहिले पीक हाती आले की उरलेलेही येणार याची खात्री पटते. शिकवण मनात टिकणे ही कोणत्याही थोर गुरूच्या बाबतीत घडणारी गोष्ट आहे. तिने मृत्यूच्या सत्तेला जराही धक्का लागत नाही, आणि रोमी सत्तेने वधस्तंभावर दिलेला निकालही तसाच कायम राहतो.

प्रतिसाद 2
अडचणीही नोंदवाव्यात. मार्क, लूक, योहान वगैरेंच्या नावांची जी चार शुभवर्तमाने (येशूच्या जीवनाचे वृत्तांत) आहेत, त्यांतील पुनरुत्थानाचे तपशील जुळत नाहीत, आणि मार्काच्या सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत वृत्तांत 16:8 येथेच थांबतो. येशूची कबर रिकामी आढळलेल्या स्त्रिया भयभीत होऊन तिथून पळतात, कोणाला काही सांगत नाहीत. तरीही, ज्या समाजात स्त्रियांच्या साक्षीला फारसे वजन नव्हते, तिथे रचलेल्या कथेत पहिल्या साक्षीदार त्याच कशाला ठेवल्या असत्या? लूक तर मोकळेपणाने लिहितो की प्रेषितांना, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांना, त्यांचे बोलणे वायफळ वाटले. याने काही सिद्ध होते असे मी म्हणत नाही, पण वृत्तांत सजवलेला वाटत नाही.

प्रतिसाद 3
मूळ प्रश्न शरीराचा आहे. देवाजवळचा विसावा ख्रिस्ती परंपरा नाकारत नाही. ती त्याला शेवटचा मुक्काम मानत नाही, इतकेच. येशूने मेलेल्यांतून उठवलेला लाजार कबरेतून बाहेर आला तो पूर्वीच्याच, पुन्हा मरणाऱ्या आयुष्यात आला. ख्रिस्ताचे उठणे तसे नव्हते. लूकच्या वृत्तांतात तो भाजलेल्या माशाचा तुकडा शिष्यांदेखत खातो; योहानाच्या वृत्तांतात दारे बंद असताना मध्ये येऊन उभा राहतो आणि थोमा या शिष्याला हातांवरील खिळ्यांचे व्रण दाखवतो. मला सर्वांत मोलाचे वाटतात ते हे व्रण. नव्या देहातही ते पुसले गेले नाहीत, म्हणजे देव सोसलेले आयुष्य टाकून देऊन त्याच्या जागी दुसरे देत नाही, त्याचेच रूपांतर करतो. आत्मा तेवढा वाचणार असता, तर भुकेल्याला अन्न देणे आणि आजाऱ्याची शुश्रूषा करणे ही तात्पुरती सोय ठरली असती. पौल मात्र मृत्यूवरील विजयाचा तो सबंध अध्याय ‘प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत’ या रोजच्या कामाच्या गोष्टीवर आणून सोडतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पण मग ही आशा असताना शोक करणे अविश्वासाचे ठरते का?

प्रतिसाद 3
नाही. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पौल ‘शोक करू नका’ एवढेच म्हणत नाही, ‘आशा नसलेल्यांसारखा’ करू नका असे म्हणतो. आणि लाजाराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला.